सरकार विरुद्ध ८९ बंदुका: वस्तूला दोषी धरणारा कायदा नक्की असतो तरी काय

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १९८४ साली एका केसचा निकाल लागला, तिचं नावच आहे अमेरिकन सरकार विरुद्ध ८९ बंदुका. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं काहीतरी छापायची चूक असेल, कारण समोर माणूसच नाही. पण चूक नव्हती. एका माणसावर आरोप होता की लायसन्स नसताना तो बंदुका विकायचा धंदा करतो, त्याने ज्युरीला सांगितलं की मला सरकारच्याच लोकांनी जाळ्यात ओढलं, आणि ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. मग सरकारने त्याच्या बंदुकांवर वेगळा दावा लावला, आणि सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की असं करता येतं, माणूस सुटला म्हणून बंदुका सुटत नाहीत, कारण माणसाला शिक्षा द्यायची तर गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि वस्तूवरचा हा दावा दिवाणी आहे, त्याला तेवढा पुरावा लागत नाही.

माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो माझ्या मावसबहिणीमुळे. ती टेक्सासमध्ये राहते, तिच्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेत प्रॅक्टिस देतात की बंदूक घेऊन कोणी आलं तर दिवे बंद करायचे, कोपऱ्यात बसायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. आपल्याकडे शाळेत भूकंपाची किंवा आगीची प्रॅक्टिस होते तशी. फोनवर तिने हे सांगितलं आणि पुढे म्हणाली, इथे प्रत्येक वेळी गोळीबार झाला की तोच वाद, एक जण म्हणतो बंदूक मारत नाही माणूस मारतो, दुसरा म्हणतो बंदुकाच बंद करा, आणि दोन्हीकडे पाद्री उभे. मग मी शोधायला लागलो की कायदा खरंच कधी एखाद्या वस्तूला दोषी धरतो का, आणि धर्माचा त्यात हात कुठे आहे. जे सापडलं ते जमेल तितकं सोपं करून सांगतो.

लहान मूल फरशीवर आपटलं की आजी काय करते? फरशीवर दोन चापट्या मारते, "बघ, मारलं हं मी तिला," आणि मूल रडायचं थांबतं. फरशीला काही कळत नाही हे आजीलाही माहीत असतं, पण मुलाला कळायला हवं असतं की झालं ते वाईट झालं आणि कोणीतरी त्याची दखल घेतली. जुन्या समाजांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. प्राचीन अथेन्समध्ये यासाठी वेगळं कोर्टच होतं, दगड, लोखंड, लाकूड असं काही अंगावर पडून माणूस मेला आणि मारणारा सापडत नसला तर त्या वस्तूवर रीतसर खटला चालायचा आणि दोषी ठरली की ती हद्दीबाहेर नेऊन टाकायची. ग्रीक प्रवासी पॉसेनियसने एक किस्सा लिहून ठेवलाय, थासोस बेटावर थिआजेनीस नावाच्या पहिलवानाचा पुतळा होता, त्याचा एक वैरी रोज रात्री येऊन त्या पुतळ्याला फटके मारायचा, एका रात्री पुतळाच त्याच्या अंगावर कोसळला आणि तो मेला, मुलांनी पुतळ्यावर खुनाचा खटला भरला आणि पुतळा समुद्रात बुडवला. रशियात १५९१ साली उग्लिच गावात लहान राजपुत्र दिमित्री मेला तेव्हा चर्चची घंटा वाजवून लोक गोळा केले गेले आणि दंगल झाली, तर शिक्षा म्हणून त्या घंटेची जीभ काढली, कान तोडला आणि तिला सैबेरियात तोबोल्स्कला हद्दपार केलं. ती परत आली १८९२ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनी.

आता इंग्लंडचा नियम बघू, कारण अमेरिकेचा आणि आपला, दोन्ही कायदे तिकडूनच आलेत. तिथे मध्ययुगापासून एक पद्धत होती, नाव डिओडँड. मूळ लॅटिन शब्द 'देओ दान्दुम', म्हणजे देवाला द्यायचं ते. (त्यातला 'दान' आणि आपला 'दान' एकाच मुळातून आलेत.) माणूस ज्या वस्तूमुळे मेला ती वस्तू, मग ती गाडी असो, बैल असो, विहिरीची बादली असो, ती किंवा तिची किंमत राजाकडे जमा व्हायची, आणि राजाने ती धर्मकार्याला लावायची अशी कल्पना. मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी प्रार्थना, दानधर्म वगैरे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पैसा राजाच्या नाहीतर ज्याला राजाने तो हक्क दिला त्या जमीनदाराच्या खिशात जायचा.

याचे नियम फार बारीक होते. अठराव्या शतकातला कायदेपंडित ब्लॅकस्टोन सांगतो की गाडी उभी असताना कोणी चाकावर चढून पडून मेला तर फक्त ते चाक जप्त, पण गाडी चालत असताना चाकाखाली आला तर पूर्ण गाडी जप्त, कारण चालत्या गाडीचं सगळं वजन त्या चाकामागे होतं. आणि शस्त्राबद्दलही त्याने लिहिलंय, की माझ्या तलवारीने दुसऱ्या कोणी खून केला, माझा त्यात काही संबंध नसला, तरी माझी तलवार शापित वस्तू म्हणून जाणार. म्हणूनच इंग्लंडमधल्या खुनाच्या आरोपपत्रात हत्याराची किंमत लिहायची पद्धत होती, अमुक चाकू, किंमत सहा पेन्स. आपल्या पोलिसांच्या पंचनाम्यात मुद्देमालाची अंदाजे किंमत लिहितात ना, ते वाचताना मला हटकून तो सहा पेन्सचा चाकू आठवतो.

मग आली रेल्वे. खेड्यातल्या ज्युरीपुढे बैलगाडी असायची तेव्हा ते चार-दोन शिलिंग लावून विषय मिटवायचे, कारण गाडीवाला त्यांच्यातलाच. पण २४ डिसेंबर १८४१ ला सॉनिंग नावाच्या ठिकाणी पावसाने रुळांवर दरड कोसळली, ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी तिच्यात घुसली, आणि उघड्या डब्यांत बसलेले गरीब मजूर, लंडनला पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे, नाताळसाठी घरी निघालेले, फेकले जाऊन मेले. ज्युरीने इंजिन आणि डब्यांवर एक हजार पौंड डिओडँड लावला. हे पैसे विधवांना कायद्याने मिळणार नव्हते, तरी ज्युरीला कंपनीला कुठेतरी दुखवायचं होतं आणि हातात तेवढंच एक हत्यार होतं, इंजिनावर दोष ठेवायचा.

कंपन्या अर्थातच ओरडल्या. शेवटी १८४६ च्या ऑगस्टमध्ये पार्लमेंटने दोन कायदे एकाच महिन्यात केले, दोन्हीमागे लॉर्ड कॅम्पबेल होते. एकाने डिओडँड रद्द केला. दुसऱ्याने सांगितलं की कोणाच्या चुकीमुळे माणूस मेला तर त्याची बायको, मुलं, आईबाप त्या चूक करणाऱ्याकडून भरपाई मागू शकतात, कारण तोपर्यंत इंग्लिश कायद्यात जखमी माणूस दावा करू शकायचा पण माणूस मेला की त्याच्याबरोबर दावाही मरायचा. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. वस्तूवरचा दोष उचलला तो हवेत नाही सोडला, तो मालकाच्या खांद्यावर ठेवला. एक दार बंद केलं आणि दुसरं उघडलं, आणि दुसरं उघडलं म्हणूनच पहिलं बंद करणं न्यायाचं होतं. त्या दाराचीही मर्यादा होती म्हणा, भरपाई फक्त पैशाच्या नुकसानीची, दुःखाची नाही, त्यामुळे कमावता माणूस गेला तर काहीतरी मिळायचं, लहान मूल गेलं तर जवळपास काहीच नाही.

तो कायदा आपल्याकडे पण आला. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, आणि १८५५ मध्ये भारतासाठी फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट झाला, कॅम्पबेलच्या कायद्यावरूनच. आज एसटीने नाहीतर ट्रकने कोणी गेलं आणि घरचे मोटार अपघात न्यायाधिकरणात जातात, ड्रायव्हर, मालक आणि इन्शुरन्स कंपनी तिघांना पार्टी करतात, ती वाट याच विचारातून पुढे आलीय. ट्रकवर राग काढायला जमाव काचा फोडतो, ती आजीची फरशीवरची चापट. दावा लावतो तो कायदा.

पण अमेरिकेत वस्तूवरचा दोष वेगळ्या वाटेने जिवंत राहिला, समुद्राच्या वाटेने. चाचेगिरी करणारं जहाज पकडलं, मालक कुठे तरी परदेशात, त्याला कोर्टात आणणार कसा? जहाज मात्र बंदरात उभं आहे. म्हणून १८२७ मध्ये पाल्मायरा नावाच्या जहाजाच्या केसमध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने म्हटलं की इथे गुन्हेगार मुख्यतः ती वस्तूच समजायची. हे आपल्यालाही परकं नाही. मुरगावहून माल भरून एम. व्ही. एलिझाबेथ नावाचं परदेशी जहाज बिल्टीची कागदपत्रं न देताच १९८४ मध्ये निघून गेलं, गोव्याच्या कंपनीचं नुकसान झालं, आणि तेच जहाज पुढे विशाखापट्टणमला आलं तेव्हा कोर्टाच्या हुकमाने त्याला तिथे अटक झाली. हो, कायद्यातला शब्द अटकच आहे. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये ते योग्य ठरवलं, मालक हाताला लागत नाही तर त्याचं जहाज धरा.

जहाजापुरतं हे पटतं. पण अमेरिकेत हाच धागा ताणत ताणत दारूच्या गाड्यांपर्यंत, मग ड्रग्जच्या पैशापर्यंत आला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिशिगनच्या एका बाईच्या गाडीची जप्ती कायम केली, नवऱ्याने त्या गाडीत वेश्येशी संबंध ठेवले म्हणून, बाईला काही माहीत नव्हतं, गाडीत तिचा अर्धा वाटा होता, तरी गेली. म्हणजे ब्लॅकस्टोनची उसनी तलवारच. २०१९ मध्ये टिम्ब्स नावाच्या केसमध्ये कुठे कोर्टाने ब्रेक लावला, गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड दहा हजार डॉलर आणि जप्त केलेली लँड रोव्हर बेचाळीस हजारांची, तर असल्या जप्तीलाही अवाजवी दंडाची घटनात्मक बंदी लागू होते आणि राज्यांनाही ती पाळावी लागेल असं ठरलं.

आणि त्या ८९ बंदुका? त्या निकालानंतर दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, बंदूकमालकांच्या बाजूने एक कायदा झाला, त्यात लिहिलं की मालक निर्दोष सुटला तर जप्त बंदुका परत करायच्या. हे मला योग्यच वाटतं, खरं म्हणजे गाडीलाही तेच लागू व्हायला हवं. पण नोंद घ्या की बंदुकीला ही सवलत वेगळी मिळाली, कारण तिथे बंदूक हा घटनेतला हक्क आहे, १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती, आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की तो हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे.

आपल्याकडे तसं नाही, आणि ते आपोआप झालेलं नाही. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क होता, कारण इंग्रजांच्या शस्त्रबंदी कायद्याचा राग ताजा होता, गांधीजींनी सुद्धा १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात त्या कायद्याला इंग्रज राजवटीतलं सगळ्यात काळं कृत्य म्हटलं होतं. ते वाक्य आज अमेरिकेतले बंदूकवाले आवडीने वापरतात, पण ते सैन्यात भरती व्हा म्हणून लिहिलेल्या पत्रकातलं आहे हे सांगत नाहीत. पुढे १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांत घाला अशी दुरुस्ती आणली, बाबासाहेबांनी विरोध केला, ती पडली. शीखांचं कृपाण तेवढं पंचविसाव्या कलमात आलं, धर्माचा भाग म्हणून. बाकी सगळ्यांना १९५९ चा शस्त्र कायदा आणि लायसन्स.

आता धर्मगुरूंकडे येतो. बाहेरून बघताना वाटतं सगळे पाद्री बंदुकीच्या विरोधात असतील, तसं अजिबात नाही. २४ मे २०२२ ला टेक्सासमध्ये युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा शिकागोचे कार्डिनल सूपिच यांनी लिहिलं की दुसरी घटनादुरुस्ती काही सिनाय पर्वतावरून उतरलेली नाही. सिनाय म्हणजे जिथे मोशेला देवाकडून दहा आज्ञा मिळाल्या तो डोंगर, म्हणजे त्यांचं म्हणणं असं की हा माणसांनी केलेला नियम आहे, देवाचा शब्द नाही, तेव्हा त्याला देवाच्या जागी बसवू नका. उलट बाजूचे पाद्री लूकच्या शुभवर्तमानातलं वाक्य दाखवतात, ज्याच्याकडे तलवार नाही त्याने अंगरखा विकून घ्यावी, असं येशू शिष्यांना सांगतो. त्यावर पहिले मत्तयचं काढतात, तलवार धरणारे तलवारीनेच मरतील. आणि हे फक्त पुस्तकातलं भांडण नाहीये. २०१२ मध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात, २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये, २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या ज्यू प्रार्थनास्थळात प्रार्थनेला आलेली माणसं मारली गेली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासच्या एका चर्चमध्ये हल्लेखोराने दोघांना मारलं आणि काही सेकंदांत चर्चच्याच एका स्वयंसेवकाने त्याला गोळी घातली. त्या चर्चच्या पाद्रीला बंदूक ठेवू नका सांगायला मी कोण. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर जानेवारी १९५६ मध्ये बॉम्ब पडला, घरात बायको आणि तान्ही मुलगी होती, त्यानंतर त्यांनी स्वतः पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला. अहिंसेवर ते पूर्णपणे आले ते त्यानंतर, घरातल्या बंदुका काढून टाकून.

इथे एक शब्द आपल्याला फसवतो. अमेरिकेतले बरेच धर्मगुरू म्हणतात की बंदूक ही आमच्या देशाची मूर्ती झालीय. आपल्या कानाला मूर्ती म्हणजे पवित्र, आपण खंडेनवमीला कोयत्यापासून लेथ मशीनपर्यंत सगळ्याला झेंडू घालतो, एसटीच्या बोनेटलाही हार असतो. बायबलमध्ये मूर्ती म्हणजे माणसाने हाताने घडवलेली आणि मग देव मानलेली वस्तू, हे पाप. म्हणजे ते पाद्री बंदुकीला दोष देत नाहीत, बंदुकीवर भरवसा टाकणाऱ्याला देतायत. वादात हे हरवतं, समोरचा ऐकतो की हे निर्जीव लोखंडाला पापी म्हणतायत, आणि लगेच उत्तर येतं, बंदूक आपणहून उडत नाही. दोघांचं भांडण वेगवेगळ्या गोष्टींवर चाललेलं असतं. कोलोरॅडोत रॉ टूल्स नावाची ख्रिस्ती संस्था लोकांनी आणून दिलेल्या बंदुका भट्टीत तापवून त्यांची बागेतली अवजारं करते, यशयाच्या ग्रंथातल्या वचनावरून, तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील. घंटेची जीभ कापणं वेगळं आणि हे वेगळं, इथे लोखंडाला शिक्षा नाही, काम बदललंय.

सगळ्यात मुद्द्यावर हात ठेवला तो माझ्या मते नन्सनी. कॅथलिक जोगिणींच्या काही संघांनी बंदूक कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतले, सभेत बोलायचा हक्क मिळावा म्हणून, आणि २०१८ मध्ये स्टर्म रूगर कंपनीच्या भागधारकांच्या सभेत ठराव मांडून तो बहुमताने पास करून घेतला, की कंपनीने आपल्या मालाने होणाऱ्या हिंसेबद्दल काय करते याचा अहवाल द्यावा. त्यांनी बंदुकीला विचारलं नाही, चालवणाऱ्यालाही नाही, बनवून विकणाऱ्याला विचारलं.

कारण कोर्टातून ते विचारणं जवळपास बंद आहे. २००५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की बंदुकीचा कोणी गुन्ह्यात वापर केला तर त्यासाठी बनवणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, काही अपवाद सोडून, जसं की बंदुकीतच दोष असला, किंवा विक्रीचे कायदे जाणूनबुजून मोडले. सँडी हुकच्या शाळेत २०१२ मध्ये २० मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, त्यातल्या नऊ कुटुंबांनी रेमिंग्टन कंपनीवर जाहिरातीच्या मुद्द्यावरून दावा लावला, तो त्या अपवादातून कसाबसा आत शिरला, आणि २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली, कंपनी तोवर दिवाळखोर, पैसे इन्शुरन्सवाल्यांनी दिले. मेक्सिको देशाने बंदूक कंपन्यांवर लावलेला दावा मात्र २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने उडवला. आता १८४६ आठवा. तेव्हा इंजिनावरचा दोष काढला आणि मेलेल्याच्या घरच्यांना कंपनीवर दावा दिला. इथे लोखंड निर्दोष हे मान्य केलं, पण दुसरं दार पण लावून घेतलं. मालक निर्दोष सुटला नसेल तर सरकारसाठी बंदूक आजही आरोपी म्हणून उभी राहू शकते, आणि ज्या आईचं मूल गेलं तिला बंदूक कंपनीच्या नावाने समन्स काढायचं तर आधी अपवाद शोधावा लागतो. यावर माझं मन शांत होत नाही.

यातून वाट कुठे आहे ते मला एका अगदी जुन्या धर्मग्रंथात दिसलं. बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात बैलाचा नियम आहे, बैलाने शिंग मारून माणूस मारला तर बैलाला दगडांनी मारा, मांस खाऊ नका, मालक निर्दोष. डिओडँडचं मूळ बरेच जण इथेच दाखवतात. पण पुढचंच वचन आहे, की बैल आधीपासून मारका होता, मालकाला लोकांनी सांगितलं होतं, आणि तरी त्याने बांधून ठेवला नाही, तर मालकही दोषी. सांगितलं होतं का आणि बांधला का, बस, एवढे दोन प्रश्न.

मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड गावच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ ला एका पंधरा वर्षांच्या मुलाने चार मुलांना मारलं. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी विकत घेतलं होतं. त्याच दिवशी सकाळी शाळेने आईबापांना बोलावून मुलाने काढलेलं बंदुकीचं चित्र दाखवलं होतं, ते मुलाला घरी न नेता निघून गेले, दप्तर कोणी उघडून बघितलं नाही. २०२४ मध्ये आईला आणि मग बापाला, दोन वेगळ्या ज्युरींनी, सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं, प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षं. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून मिशिगनमध्ये घरात अल्पवयीन मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं झालंय.

मी मावसबहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, लेक ज्या मैत्रिणीकडे खेळायला जाते त्यांच्याकडे बंदूक आहे, त्यांनीच सांगितलंय, पण कुलपात आहे का हे विचारायचा तिला संकोच वाटत होता. शनिवारी सोडायला जाईन तेव्हा विचारते म्हणाली.